दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आमच्या वरणगावाहून अजिंठ्याच्या लेण्या तशा लांब नाहीत. भुसावळ, जामनेर, पहूर, फर्दापूर असा रस्ता. एका बाजूनं ऐंशी किलोमीटरच्या वर भरतो. आता मोटारीनं दोन-अडीच तासांत माणूस जाऊन पोचतो. पण 1984 साली आम्हा सात पोरांकडं मोटार कुठली? सायकली होत्या. चार घरच्या, तीन दुकानातून भाड्यानं आणलेल्या. काळ्या, जड, डबल बारच्या. गिअर वगैरे प्रकार आम्ही तेव्हा पाहिलाही नव्हता. चढ आला की उभं राहून पायडल मारायचं, आणि तेही जमेना की खाली उतरून ढकलायचं, एवढाच गिअर.

बेत असा होता की पहाटे निघायचं, संध्याकाळपर्यंत घाट चढून वर अजिंठा गावात पोचायचं. आमच्यातल्या एकाचे मामा तिथं राहत. रात्री त्यांच्याकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी लेण्या पाहायच्या, एखादी रात्र फर्दापुरात काढायची आणि तिसऱ्या दिवशी घरी. डिसेंबर महिना होता. थंडी अशी की सायकलीच्या हँडलला हात लावला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. आईनं मला सहा दशम्या बांधून दिल्या होत्या. दुधात मळलेल्या, प्रवासात खराब न होणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि एका फडक्यात भाजलेले शेंगदाणे.

आमच्यात माझा आतेभाऊ होता. माझ्याहून वर्षानं मोठा, पण आमचं एकमेकांना अरे-तुरेच. पोहण्यात, कबड्डीत, झाडावर चढण्यात तो माझ्या पुढं. त्याच्याही कॅरिअरला कापडात गुंडाळलेला डबा होता.

जामनेरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एका विहिरीजवळ निंबाखाली बसून सगळ्यांनी आपापलं सोडलं. आतेभाऊ मात्र सायकल उलटी करून चेन पाहत बसला.

मी म्हणालो, "ये ना रे जेवायले."

तो म्हणाला, "मले भूक नाई. मी सकायीच जेवून निघालो."

पहाटे चारला कोण जेवून निघतं, हा विचार माझ्या मनात आला नाही. आला असेल तर मी तो थांबवला नाही. मी जेवलो, पाणी प्यायलो, हात धुतले आणि आम्ही निघालो.

पहूरच्या पुढं तो मागं पडायला लागला. फर्दापूरला चहा घेतला तर त्यानं चहावाल्याकडून दोनदा साखर मागून घेतली. आम्ही हसलो. कोणीतरी म्हणालं, "याले चहा नाई, पाक पाह्यजे." तोही हसला.

फर्दापूर सोडलं की घाट लागतो. सह्याद्रीतल्या घाटांपुढं तो काही मोठा नाही. पण अंगात सत्तर-ऐंशी किलोमीटर मुरलेले असताना लहान घाटही मोठा होतो. ज्या डोंगरावर आम्ही चढत होतो तिथूनच आमची वाघूर नदी उतरते, लेण्यांच्या पायथ्यानं वळसा घेते आणि पुढं तापीला मिळते. पाण्याला तो रस्ता सोपा, आम्हाला उलटा. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मी मागं पाहिलं तर आतेभाऊ कठड्यावर बसलेला. मी ओरडलो, "चाल रे, कायले बसला?"

तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "वरणगाव आलं का?"

आम्हाला वाटलं, चेष्टा करतो. सगळे हसलो. "येईल मागून," असं म्हणून सायकली ढकलत वर निघालो. माझ्या खिशात तेव्हा शेंगदाण्याचं फडकं होतं. चालताना मांडीला लागत होतं, म्हणून मला ते आजही आठवतं.

वर पोचलो. सूर्य बुडाला. तासभर झाला, दीड तास झाला, त्याचा पत्ता नाही. आम्ही दोघं परत खाली निघायच्या बेतात असताना कापसाचा एक ट्रक वर आला आणि थांबला. क्लिनरनं मागून सायकल उतरवली, मग आतेभावाला उतरवलं. त्याच्या कपाळावर खरचटलं होतं. हातात अर्धं केळ होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि आम्हाला असा बोलला की तसं बोलणं मी पुन्हा कोणाकडून ऐकून घेतलं नाही. म्हणाला, "रस्त्याच्या मधी झोपला होता हा. वळणावर. मले उजेडात त्याचं पांढरं सदरं दिसलं म्हणून वाचला. तुम्ही याचे सोबती का?"

आम्ही कोणीच उत्तर दिलं नाही. आतेभाऊच म्हणाला, "काही नाई, चेन पडली होती."

पुढचे दोन दिवस मजेत गेले, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. त्या रात्री मामींनी वाढलेलं पोटभर जेवून तो सकाळी पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, आणि तरुणपणी झालेली गोष्ट लवकर विसरता येते. घरी परत आलो तेव्हा माझ्या डब्यात दोन दशम्या उरल्या होत्या. वाळून कडक झालेल्या. आईनं त्या गाईला घातल्या.

दोन महिन्यांनी आत्या घरी आली होती. चुलीपाशी ती आईशी हळू आवाजात बोलत होती आणि मी ओसरीवर होतो. त्यांचा कापूस विकला गेला होता, पण पैसे हातात आले नव्हते. आम्ही अजिंठ्याला गेलो त्या आठवड्यात घरातला पिठाचा डबा रिकामा होता. "पोरानं रिकामाच डबा बांधून नेला वहिनी," आत्या म्हणाली, "सगळ्यांसमोर हात हालवत कसा जाऊ म्हने."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्यापाशी आहे. चूक कोणाची? त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहा जणांच्या डब्यांतून त्याला जेवण मिळालं नसतं असं थोडंच आहे? आणि मी विचारलं होतं. एकदा विचारलं होतं. त्यानं नाही म्हटलं. मग माझं कर्तव्य तिथं संपलं की नाही? कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की संपलं. मोठा माणूस होता तो, त्याच्या पोटाचं त्याला कळायला हवं.

हा हिशेब चुकीचा होता, हे मला कळायला 2023 साल उजाडावं लागलं.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो. निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली आणि भुसावळच्या काही तरुण मुलामुलींबरोबर रविवारी जाऊ लागलो. ती मला काका म्हणायची. जानेवारीत त्यांनी अजिंठा घाटाचा बेत केला. रस्ता तोच. मी मनात म्हटलं, चला, एकदा चढून होऊ दे.

पहूरला सगळ्यांनी थांबून वडापाव घेतला. एका पोरानं माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "नको रे, मी ठीक आहे." भूक नव्हती असं नाही. पण तेवढ्यात तेलकट खाणारा म्हातारा दिसायचं नव्हतं, आणि आपल्यामुळं कोणी थांबलं असं वाटायला नको होतं. त्या पोरानं बरं म्हटलं आणि स्वतः खाल्ला. त्याचं काय चुकलं? मी जामनेरला जे केलं तेच त्यानं केलं.

घाटातल्या वळणावर मला काय झालं ते सांगतो. आधी मांड्या गेल्या. दमणं आणि हे वेगळं. दमलेला माणूस थांबला की त्याला बरं वाटतं. इथं थांबूनही बरं वाटेना. उन्हात अंगाला थंड घाम आला. हात थरथरायला लागले. मग एक विचित्र चीड आली, कशावर ते कळेना. मैलाच्या दगडावरचा आकडा वाचला, पण किती उरलं याची वजाबाकी होईना. मी आयुष्यभर पगाराचे हिशेब तोंडी केलेला माणूस! गिअर कुठल्या बाजूला हलका होतो तेही आठवेना. आणि या सगळ्यात एकदाही माझ्या मनात आलं नाही की मी उपाशी आहे. मला वाटत होतं सायकल बिघडली.

मागून एक मुलगी आली. फिजिओथेरपी शिकणारी. तिनं माझी सायकल डगमगताना पाहिली असावी. ती म्हणाली, "काका, किती वाजले सांगा बरं."

मी घड्याळाकडं पाहिलं. काटे दिसत होते. वेळ सांगता येईना.

तिनं मला खायचंय का असं विचारलं नाही. सायकल धरली, मला कठड्यापाशी बसवलं, केळ सोललं आणि माझ्या हातात दिलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "नको नंतर म्हणा." मग चिक्की दिली, पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत जग पुन्हा आपल्या जागेवर आलं. डोळे निवळले, वजाबाकी यायला लागली. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की मी जिथं बसलो होतो तिथं, किंवा त्याच्या एखाद्या वळणामागं-पुढं, अडतीस वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ बसला होता आणि त्यानं विचारलं होतं, वरणगाव आलं का.

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

नंतर त्या मुलीनं मला समजावलं, आणि मी थोडं वाचलंही. आपल्या शरीरात साखरेचा साठा लहान असतो. यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत तीनशे-चारशे ग्रॅम, एवढाच. जोर लावून चढ चढत राहिलं तर तो दीड-दोन तासांतही संपू शकतो. चरबी अंगावर भरपूर असते, वाळलेल्या माणसाच्याही. पण ती सावकाश जळते. घरच्या भाषेत सांगायचं तर कणगीत दादर भरलेली आहे, पण डब्यात पीठ नाही. पाहुणा दारात उभा आणि गिरणी लांब. भाकरी आत्ता हवी, दाणे असून काय उपयोग? आणि या साखरेवर नुसते पायच चालत नाहीत. मेंदूही मुख्यतः तिच्यावरच चालतो. ती उतरली की विचार, हिशेब, समज, सगळं मंदावतं.

मला ही गोष्ट फक्त शरीराची वाटत नाही. ज्याला सगळ्यांत जास्त गरज आहे, त्याची गरज सांगण्याची शक्तीच आधी जाते. ताप चढलेला माणूस म्हणतो मला काही झालं नाही. फार कर्जात बुडालेला माणूस हसून बोलतो. रात्रभर न झोपलेली सून म्हणते, मी ठीक आहे. कधी समज गेलेली असते, कधी लाज आडवी आलेली असते. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात, आणि बाहेरून दोन्हींचा आवाज एकच येतो: "नको."

मग "त्यानं सांगायला हवं होतं" या म्हणण्यात काय उरलं? त्यानं सांगायला हवं होतं हे खरं, जोवर त्याला सांगता येत होतं तोवर. जामनेरच्या विहिरीवर त्याची समज शाबूत होती, तिथं लाज आडवी आली. घाटात लाजही गेली आणि समजही. तिथं सांगण्याची जबाबदारी त्याची उरलीच नव्हती. ती सगळीच्या सगळी आमच्याकडं आली होती, आणि आम्ही हसत होतो.

यावर कोणी म्हणेल की ज्याचं त्यानं पाहावं, ही काय वाईट शिकवण आहे? वाईट नाही. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. मधल्या रस्त्यात मदतीची गाडी चालत नाही, आपलं पाणी, आपलं खाणं, आपलं पंक्चर आपणच पाहायचं. मला तो नियम आवडतो. त्यानं माणूस तयारीनं निघायला शिकतो. पण स्वतःचं स्वतः पाहायला आधी घरातल्या डब्यात पीठ लागतं. ज्याच्याकडं आहे त्याला स्वावलंबन शिकवावं. ज्याच्याकडं नाही त्याला तेच शिकवलं तर तो रिकामा डबा बांधून आणायला शिकतो.

आणि सायकलीतली सगळ्यांत अवघड शर्यत पाहिली तर तिथं काय दिसतं? रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4800 किलोमीटर. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ती पुरी केली. 2017 साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं पुरी केली. एकट्यानं म्हणतात खरं, पण मागं गाडी असते, गाडीत माणसं असतात. त्यांचं एक मोठं काम म्हणजे सायकलवाल्याला घड्याळ पाहून खायला घालणं. त्याला भूक लागली का यावर ते अवलंबून राहत नाहीत. दिवसरात्र पायडल मारणाऱ्या माणसाच्या शब्दावर विसंबता येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

एवढं लांब जायचीही गरज नाही. आमच्या शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यातून दर वर्षी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. महिनाभराची वाट. तिचे मुक्काम आणि विसावे आधीपासून ठरलेले असतात. लोक दमल्यावर विसावा होत नाही, विसाव्याची जागा आली की होतो. तिथं धट्टाकट्टा पोरही बसतो आणि सत्तरीची म्हातारीही बसते. म्हातारीला कोणाला सांगावं लागत नाही की बाबांनो, माझ्यासाठी थांबा. वाटेतल्या गावातले लोक भाकरी घेऊन उभे असतात आणि हातावर ठेवतात. भूक लागलीय का असं विचारणारा मी तिथं पाहिला नाही.

आणि आपल्या घरांतला आग्रह? पंगतीत नको नको म्हणत असताना पानात बट्टी पडते, त्यावर वरण पडतं, वर तुपाची धार. शिकलेली माणसं या आग्रहाला नावं ठेवतात. अन्न वाया जातं म्हणतात, आणि ते खोटं नाही. भरल्या पोटाला केलेला आग्रह हा मिरवण्याचा प्रकार आहे. पण ही रीत सुरू कशी झाली असेल, याचा मी आता वेगळा विचार करतो. ज्या मुलखात दुष्काळ येत, जिथं पाहुणा उपाशीपोटी आला तरी जेवून आलो म्हणायचा, तिथं पहिला नकार खरा धरला तर माणूस उपाशी राहायचा. म्हणून दुसऱ्यांदा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारायचं नाहीच, वाढायचं. म्हणजे त्याला मागावंही लागत नाही आणि त्याचा शब्दही मोडत नाही. त्याला घरी जाऊन सांगता येतं, मी नकोच म्हणत होतो, पण ऐकतात का ते लोक!

मी जामनेरला एकदा विचारलं. आईनं मला लहानपणापासून दोनदा विचारायला शिकवलं होतं. घरी आलेल्या परक्या पाहुण्याशी मी तसं वागलोही असतो. पण हा आपला, आपल्याशी काय लाजायचं, असं मानून मी ती रीत मोडली. आपल्या माणसाला आपल्यापुढंच जास्त लाज वाटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या रविवारी माझ्यापायी त्या मुलांचा घाट अर्धा राहिला. वेळ गेली होती, परतायचं होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही वर जाऊन या, मी बसतो इथं. कोणी गेलं नाही. मला फार ओशाळं वाटलं. पण मग वाटलं, हे ओशाळं वाटणं म्हणजेच तो रिकामा डबा. खाली फर्दापुरात मी सगळ्यांना चहा पाजला आणि त्यांना 1984 ची गोष्ट सांगितली. तेव्हापासून आमच्यात एक ठरलं आहे. तासाभरानं पुढचा माणूस हात वर करतो, सगळे थांबतात, सगळे खातात. भूक आहे की नाही हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी आतेभावाकडं गेलो. त्याची परिस्थिती आता चांगली आहे, मुलं कमावती आहेत. मी त्याला घाटात काय झालं ते सांगितलं आणि म्हणालो, "त्या वेळी माझ्या खिशात शेंगदाणे होते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मले माहीत होतं. जामनेरहून फर्दापूरपर्यंत मी तुह्या खिशाकडंच पाहत होतो."

"मंग मागितले का नाई?"

"तू दुसऱ्यांदा विचारशीन, वाटलं."

एवढंच बोलणं झालं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पानं मांडली. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. मी एक भाकरी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरून म्हणालो, "बस्स. पोट भरलं."

त्यानं माझा हात बाजूला केला आणि दुसरी भाकरी ताटात ठेवली.

"आधी खाय," तो म्हणाला. "मंग नाई म्हन."